अल्फा म्हणजे नक्की काय? एक भागिले १३७ ची गोष्ट

१३७ या आकड्यावरचे व्हिडिओ हल्ली खूप फिरताहेत. विश्वाचा गुप्त कोड, देवाचा नंबर, शास्त्रज्ञांची झोप उडवणारा आकडा असं काय काय वर लिहिलेलं असतं, आणि पंधरा मिनिटं बघून झाली तरी हा आकडा नक्की कशाचा, काय मोजलं की १३७ येतात, हे कळतच नाही. त्यातच २०२४ पासून थोरियमच्या अणुकेंद्रकावर चालणाऱ्या घड्याळाच्या बातम्या यायला लागल्या आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, की या घड्याळाने अल्फा बदलतोय का ते तपासता येईल. आता ज्याला स्थिरांक म्हणतात तो बदलेल कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो अगदी रास्त आहे. मला हा आकडा मनापासून आवडतो, त्यामुळे पहिल्यापासून सांगतो. गणित जवळजवळ नाहीये, भागाकार येत असला की पुरे.

## आधी अक्षराचा घोळ मिटवू

ग्रीक अक्षर दिसलं की वाटतं त्याला एकच ठरलेला अर्थ असणार. तसं नसतं. फिरणाऱ्या वस्तूचा फिरण्याचा वेग किती वाढतोय ते अल्फाने दाखवतात, तापल्यावर धातू किती प्रसरण पावतो त्यालाही अल्फा, स्टॅटिस्टिक्समधे ०.०५ ची जी मर्यादा धरतात तिलाही अल्फाच, आणि हेलियमच्या केंद्रकाला अल्फा कण म्हणतात त्याचा तर आपल्या विषयाशी काही संबंधच नाही. अक्षर म्हणजे नुसती पाटी. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागल्यावर येणाऱ्या आकड्याला पाय ही पाटी १७०६ मधे विल्यम जोन्सने लावली आणि पुढे ऑयलरने वापरली म्हणून ती सगळीकडे रुजली, आकडा तर त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोकांना माहीत होताच.

आपला अल्फा १९१६ चा. जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड याने तो फिजिक्समधे आणला, मराठीत त्याला सूक्ष्म रचना स्थिरांक म्हणतात आणि त्याची किंमत साधारण ०.००७२९७ आहे. हा आकडा लक्षात ठेवायला अवघड म्हणून लोक उलटा करून सांगतात, १ भागिले १३७. जास्त नेमकं सांगायचं तर १ भागिले १३७.०३५९९९. व्हिडिओवाले १३७ च्या पुढचे आकडे खाऊन टाकतात आणि पुढे सगळा घोटाळा तिथूनच होतो, त्यावर नंतर येतोच.

## बिनयुनिटचा आकडा का महत्त्वाचा

समजा मी म्हणालो माझी उंची १७० आहे. तुम्ही लगेच विचाराल, १७० काय? सेंटिमीटर. इंचात मोजली तर तीच उंची ६७ होते. म्हणजे १७० या आकड्यात माझ्याइतकीच सेंटिमीटरचीही माहिती भरलेली आहे. पण मी म्हणालो की एक आई तिच्या लहान मुलाच्या दुप्पट उंच आहे, तर हा दोन हा आकडा सेंटिमीटरने मोजा, इंचाने मोजा, काठीने मोजा, दोनच राहतो. त्याला युनिट नाही, कारण तो दोन सारख्या गोष्टींचा रेशो आहे.

आता प्रकाशाचा वेग घ्या, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. एवढा प्रसिद्ध आकडा, पण हा निसर्गाने दिलेला आकडा नाही. मीटर ही माणसाने ठरवलेली लांबी आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधे उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून ठरवलेली, आणि १९८३ मधे तर उलटं केलं, प्रकाशाचा वेग कायमचा फिक्स करून टाकला आणि मीटर त्यावरून काढायला लागले. तर या आकड्याच्या मागे प्रकाश कमी आणि आपले निर्णय जास्त आहेत.

अल्फा तसा नाही. त्यात मीटर नाही, किलो नाही, सेकंद नाही. लाखो प्रकाशवर्षं लांब कुठे कुणी विचार करणारे जीव असतील आणि त्यांनी हायड्रोजनचा अभ्यास केला असेल तर त्यांची मापं काहीही असू देत, त्यांनाही हाच आकडा मिळणार. मला अल्फाचं वेड आहे ते यासाठी. फिजिक्समधे इतके स्थिरांक आहेत, पण त्यातले बरेचसे आपल्याच मापांचं प्रतिबिंब आहेत, आणि हा त्या मोजक्या आकड्यांपैकी आहे जे निसर्ग स्वतःच्या तोंडाने बोलतो.

## मग हा रेशो कशाचा?

सोमरफेल्डने सुरुवात केली ती अगदी चित्र डोळ्यासमोर येईल अशा रेशोपासून. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन. १९१३ च्या बोरच्या मॉडेलमधे हा इलेक्ट्रॉन सगळ्यात आतल्या कक्षेत सेकंदाला साधारण २,१८८ किलोमीटर वेगाने फिरतो. या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागलं की येतो अल्फा. म्हणजे हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एक भागिले १३७ वेगाने जातो, बास. आता कुणी म्हणेल की इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही हे तर केव्हाच सिद्ध झालंय. बरोबर आहे, पण आजच्या क्वांटम गणितानेही त्याचा सरासरी वेग (वर्गांची सरासरी घेऊन वर्गमूळ काढलं तर) तेवढाच येतो, त्यामुळे हा अर्थ अजून टिकून आहे.

नावातली सूक्ष्म रचना कुठून आली तेही इथेच सांगतो. हायड्रोजन तापवला की तो ठराविक रंगांचा प्रकाश देतो, त्यात ६५६.३ नॅनोमीटरची एक ठळक लाल रेषा असते. १८८७ मधे मायकेलसन आणि मॉर्ली यांनी फार बारकाईने पाहिलं तर ती एक रेषा नव्हतीच, एकमेकीला जवळजवळ चिकटलेल्या दोन रेषा होत्या, मधलं अंतर नॅनोमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा थोडंसंच जास्त. बोरच्या मॉडेलमधे या फटीला उत्तर नव्हतं. सोमरफेल्डने आइनस्टाइनची रिलेटिव्हिटी त्यात घातली, म्हणजे वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला लागणारी बारीकशी दुरुस्ती केली, आणि फट गणितातून बाहेर आली. ती फट किती मोठी ते अल्फाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे साधारण १ भागिले १८,७७९ या हिशोबात. रेषांमधली बारीक रचना, म्हणून सूक्ष्म रचना स्थिरांक.

पण पुढे लक्षात आलं की हायड्रोजन हे फक्त दार होतं. अल्फाचं सूत्र शब्दात मांडतो: वर इलेक्ट्रॉनच्या चार्जचा वर्ग, आणि खाली चार गुणिले पाय गुणिले एप्सिलॉन-शून्य गुणिले एच-बार गुणिले प्रकाशाचा वेग. एप्सिलॉन-शून्य म्हणजे रिकाम्या जागेत चार्जमधलं बल किती जोरकस असेल ते ठरवणारा आकडा, आणि एच-बार म्हणजे प्लँकच्या स्थिरांकाला दोन पायने भागून येणारं क्वांटम जगाचं सगळ्यात लहान माप. नीट बघा, चार्ज आला तो विजेच्या शाखेतून, एच-बार आला क्वांटममधून, प्रकाशाचा वेग आला रिलेटिव्हिटीतून. तीन वेगवेगळ्या शाखा एका अपूर्णांकात येतात, प्रत्येकाची युनिटं एकमेकांना काटतात आणि हातात नुसता आकडा उरतो. आणि तो आकडा सांगतो की चार्ज असलेला कण प्रकाशाशी किती घट्ट जोडलेला आहे.

घट्ट जोडलेला म्हणजे काय ते जरा उलगडतो. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात ते आजच्या थिअरीनुसार फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची, देवाणघेवाण करून. दोन होड्यांमधे बसलेली माणसं एकमेकांकडे जड चेंडू फेकायला लागली तर होड्या हळूहळू लांब सरकतील, साधारण तसं (ही उपमा फार ताणू नका, आकर्षण समजावताना ती लगेच तुटते). तर इलेक्ट्रॉन चेंडू फेकायला किती उत्सुक आहे याचं माप म्हणजे अल्फा. आणि इलेक्ट्रॉन तसा कंजूस आहे, एखाद्या घटनेत आणखी एक फोटॉन बाहेर पडायचा म्हटलं की ती घटना ढोबळमानाने शंभरेक पटीने दुर्मिळ होते. केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणाऱ्या बलासाठी असाच आकडा काढला तर तो १ च्या आसपास जातो, म्हणजे तिथे प्रचंड उधळपट्टी, आणि दोन प्रोटॉनमधलं गुरुत्वाकर्षण त्यांच्यातल्या विद्युत बलापेक्षा एकावर ३६ शून्य इतक्या पटीने कमजोर.

## अल्फा लहान आहे म्हणून आपलं भागतं

हा आकडा लहान असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हिशोब करणाऱ्यांना झाला. अल्फा साधारण एक शतांश, त्याचा वर्ग दहा हजारातला अर्धा भाग, घन त्याहून बारीक. त्यामुळे उत्तर टप्प्याटप्प्याने काढता येतं, पहिला टप्पा ढोबळ, दुसरा थोडी दुरुस्ती, तिसरा दुरुस्तीवर दुरुस्ती, भिंतीला एकावर एक पातळ हात मारत जावं तसं.

याचं जे उदाहरण आहे ते मानवी बुद्धीच्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक आहे असं माझं मत आहे. इलेक्ट्रॉन हा एक छोटासा चुंबक आहे, आणि इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या डिरॅकच्या समीकरणानुसार त्याच्या चुंबकपणाचं एक ठराविक माप बरोबर १ यायला हवं. प्रयोगात ते किंचित जास्त यायचं. १९४८ मधे अमेरिकन शास्त्रज्ञ जूलियन श्विंगरने पहिली दुरुस्ती काढली, अल्फा भागिले दोन पाय, म्हणजे ०.००११६, आणि एकदम जुळलं. पुढे टोइचिरो किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं खपून पुढचे टप्पे काढले, त्यातल्या पाचव्या टप्प्यात १२,६७२ वेगवेगळ्या आकृत्यांचा हिशोब होता. आणि २०२३ मधला प्रयोग सांगतो १.००११५९६५२१८०५९. थिअरी आणि प्रयोग दशांशचिन्हानंतर अकरा-बारा आकड्यांपर्यंत जुळतात. अल्फा एकच्या आसपास असता तर या टप्प्यांना अर्थच उरला नसता, कारण प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीच्या इतकीच मोठी झाली असती.

## नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

दिसतो. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा पापुद्रा. आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून लावून तो २००४ मधे वेगळा केला आणि २०१० मधे त्यांना नोबेल मिळालं. २००८ मधे मँचेस्टरमधे मोजलं गेलं की हा पापुद्रा त्याच्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी साधारण २.३ टक्के शोषून घेतो. आता पाय गुणिले अल्फा करून बघा, ३.१४१६ गुणिले ०.००७२९७. उत्तर ०.०२२९ येतं, म्हणजे तेच २.३ टक्के. शुद्ध भूमितीतला पाय आणि अणूतला अल्फा, दोघांचा गुणाकार एका पापुद्र्याच्या सावलीत दिसतो. पहिल्यांदा हा गुणाकार करून पाहिला तेव्हा मी बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसलो होतो.

आणि सोनं पिवळं का याचंही उत्तर इथेच आहे. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या १ भागिले १३७ वेगाने जातो, पण केंद्रकात जितके जास्त प्रोटॉन तितका आतला इलेक्ट्रॉन जास्त जोरात पळतो. सोन्यात ७९ प्रोटॉन, म्हणजे ढोबळमानाने ७९ भागिले १३७, प्रकाशाच्या जवळपास ५८ टक्के वेग. एवढ्या वेगाला रिलेटिव्हिटी लागू होते, इलेक्ट्रॉन जणू जड होतो, आतली कक्षा आवळते, त्याचा परिणाम थेट बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचतो आणि दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर इतकं कमी होतं की सोनं निळा प्रकाश शोषायला लागतं. निळा गेला की परत येतो तो पिवळा. चांदीत ४७ प्रोटॉन, तिथे हा परिणाम कमी, तिचं शोषण अल्ट्राव्हायोलेटमधेच राहतं म्हणून ती पांढरी चमकते. पारा खोलीच्या तापमानाला पातळ असतो त्यामागेही हीच भानगड आहे, त्यात ८० प्रोटॉन आहेत.

## पायसारखा हा गणिताने काढता येत नाही का?

नाही, आणि पाय आणि अल्फा यातला फरक हाच आहे. पाय काढायला प्रयोगशाळा लागत नाही. बंद खोलीत कागद पेन घेऊन बसा, योग्य मालिका माहीत असेल तर हवे तितके दशांश काढत बसता येतील, बाहेर विश्व असो नसो, सपाट कागदावरच्या वर्तुळाचा पाय तोच राहणार. अल्फासाठी मात्र निसर्गालाच विचारावं लागतं. आजच्या थिअरीत तो आकडा बाहेरून भरावा लागतो, आतून निघत नाही.

विचारायची पद्धत फार छान आहे. अणूला लेझरचा फोटॉन मारायचा आणि अणू किती मागे सरकतो ते मोजायचं, चाकांच्या फळीवर उभं राहून जड चेंडू झेलला तर आपण मागे ढकलले जातो तसं. त्या सरकण्यावरून प्लँकचा स्थिरांक आणि अणूचं वस्तुमान यांचा रेशो मिळतो आणि तिथून अल्फा. २०१८ मधे बर्कलीच्या गटाने सीझियम वापरून १३७.०३५९९९०४६ काढला, २०२० मधे पॅरिसच्या गटाने रुबिडियम वापरून १३७.०३५९९९२०६. नऊ आकडे तंतोतंत सारखे आणि दहाव्यावर मतभेद, आणि हा मतभेद दोघांनी सांगितलेल्या त्रुटीच्या मर्यादेपेक्षा बराच मोठा आहे, म्हणजे कुठेतरी काहीतरी निसटतंय. लोक याला किरकोळ समजतात पण मला हेच अल्फाच्या गोष्टीतलं सगळ्यात जिवंत पान वाटतं, कारण वर सांगितलेला इलेक्ट्रॉनच्या चुंबकाचा हिशोब याच आकड्यावर उभा आहे, आणि यापैकी कुठला खरा हे ठरल्याशिवाय तो ताळा पुढे नेता येत नाही.

एक हुशार शंका इथे येते. २० मे २०१९ पासून जगाच्या मापनपद्धतीत इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि प्लँकचा स्थिरांक दोन्ही कायमचे फिक्स केले, प्रकाशाचा वेग तर आधीच फिक्स होता, मग सूत्रातले सगळे आकडे फिक्स झाल्यावर अल्फाही फिक्स झालाच की? नाही झाला. सूत्रात एप्सिलॉन-शून्य उरतो, आणि २०१९ च्या आधी जो व्याख्येने फिक्स होता तो त्या दिवसापासून मोजायची गोष्ट झाला. एका बाजूने दाबलं तर दुसरीकडून वर आला. माणसाने आपली मापं कशीही ठरवली तरी निसर्गाचा आकडा निसर्गाकडेच राहिला.

## १३७ मधे काही गूढ आहे का?

आकडा का असा आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि हे फिजिक्समधलं खरोखरचं मोठं कोडं आहे. पण १३७ या अंकांमधे काही दडलंय असं मानायला आधार नाही. एकतर तो १३७ नाहीच, १३७.०३५९९९ आहे. आर्थर एडिंग्टन हा फार मोठा खगोलशास्त्रज्ञ, त्याने १९२९ च्या सुमारास शुद्ध तर्काने १३६ सिद्ध केले, मग मोजमाप १३७ च्या जवळ गेलं तर त्याच्या तर्कात एक वाढवून १३७ आले, आणि मग मोजमाप त्याच्याही पुढे सरकलं. २०१८ मधे मायकेल अटियासारख्या थोर गणितज्ञानेही अल्फा गणिताने काढल्याचा दावा केला होता, तो गणितज्ञांना पटला नाही. एवढ्या मोठ्या माणसांना या आकड्याने ओढून घेतलं यात मला काही कमीपणा वाटत नाही, उलट कोडं किती खोल आहे ते त्यातून कळतं.

क्वांटम फिजिक्समधला मोठा शास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली आयुष्यभर या आकड्यामागे होता आणि १९५८ मधे झुरिकच्या ज्या हॉस्पिटलमधे वारला तिथे त्याच्या खोलीचा नंबर १३७ होता. ही गोष्ट खरी आहे, आणि तो योगायोग आहे.

## स्थिरांक म्हणता, मग काही ठिकाणी १२८ का लिहितात?

कारण तुम्ही किती जवळून बघता त्यावर तो थोडा बदलतो. रिकामी जागा क्वांटम थिअरीत पूर्ण रिकामी नसते, चार्जभोवती क्षणभर उगवून मावळणाऱ्या कणांच्या जोड्या असतात आणि त्या त्या चार्जला थोडं झाकतात. धुक्यातल्या दिव्यासारखं समजा, अंतरामुळे उजेड कमी होतो तो वेगळा, पण धुकं वरून आणखी थोडा खातं, आणि धुक्याच्या आत शिरलात तर दिव्याची खरी ताकद दिसते. कणांची टक्कर जितकी जोरात तितके आपण चार्जच्या जवळ पोचतो. झेड बोसॉन नावाचा कण तयार होतो तेवढ्या ऊर्जेला (साधारण ९१ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट; इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं एक छोटं माप, गिगा म्हणजे त्याच्या अब्जपट, मेगा म्हणजे दहा लाखपट) अल्फा १ भागिले १२८ च्या आसपास दिसतो. म्हणजे १३७ हा आकडा लांबून, शांतपणे पाहिलेला आकडा आहे. तो लांबूनचा आकडा मात्र सगळीकडे, सगळ्या वेळी एकच, असं आपण मानतो, आणि म्हणून तो स्थिरांक.

## जरा वेगळा असता तर?

व्हिडिओत असं सांगतात की अल्फा केसभर जरी बदलला तरी विश्वात जीवच नसता. एवढं टोकाचं नाहीये. ताऱ्यांमधे तीन हेलियम केंद्रकं एकत्र येऊन कार्बन बनतो आणि ते जमतं ते कार्बनच्या केंद्रकाची एक ऊर्जापातळी नेमकी ७.६५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे म्हणून, फ्रेड हॉइलने १९५३ मधे तिचा अंदाज आधी बांधला आणि मग ती प्रयोगात सापडली. अल्फा बदलला तर ही पातळी सरकते. पण काही हिशोब सांगतात की दोन-अडीच टक्क्यांपर्यंतचा बदल चालून गेला असता, त्यापुढे गेलं की कार्बन किंवा ऑक्सिजन यापैकी एकाची चणचण होते. दोन टक्के म्हणजे केसभर नव्हे, पण फार मोठी मोकळीकही नव्हे.

## आणि तो काल होता तसाच आज आहे हे कशावरून?

हा प्रश्न तपासायला लोकांनी जे उपाय काढले ते थक्क करणारे आहेत. आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लो इथल्या युरेनियमच्या खनिजात १९७२ मधे एक विचित्र गोष्ट आढळली, युरेनियम-२३५ चं प्रमाण नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के. फरक एवढासा, पण शोध घेतल्यावर कळलं की साधारण दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे जमिनीत निसर्गतःच अणुभट्टी चालली होती. आता समेरियम-१४९ नावाचा एक अणू आहे तो फक्त एका अतिशय ठराविक ऊर्जेच्या न्यूट्रॉनला पटकन गिळतो, आणि ती ऊर्जा अल्फावर फार नाजूकपणे अवलंबून आहे. तेव्हा अल्फा वेगळा असता तर आज तिथे उरलेल्या समेरियमचं प्रमाण वेगळं दिसलं असतं. श्ल्याख्तर या रशियन शास्त्रज्ञाने १९७६ मधे ही कल्पना मांडली आणि नंतरच्या हिशोबांवरून दोन अब्ज वर्षांत फरक असलाच तर एक कोटीत एखाद्या भागाइतकाच असू शकतो.

आकाशातूनही तपासलं. लांबच्या क्वेसारचा, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या अतिशय तेजस्वी गाभ्यांचा, प्रकाश वाटेतल्या वायूच्या ढगांतून येतो, त्या ढगातल्या अणूंच्या रेषा म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या अल्फाची नोंदच. १९९९ पासून जॉन वेब यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीच्या नोंदींवरून सांगितलं की तेव्हा अल्फा लाखातल्या अर्ध्याएक भागाने लहान असावा, मग चिलीतल्या दुर्बिणीतून आकाशाच्या दुसऱ्या बाजूला उलटा फरक दिसला. खळबळ उडाली. पण पुढे उपकरणांच्या तरंगलांबी मोजण्यातच बारीक चुका सापडल्या आणि नव्या, जास्त नेमक्या उपकरणांनी पाहिल्यावर दहा लाखात एक भागाच्या पातळीपर्यंत बदल काही दिसला नाही. दावा करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे केला होता आणि तपासणाऱ्यांनीही तितक्याच चिकाटीने तपासला, यात कुणाची बदनामी व्हायचं कारण नाही.

आणि प्रयोगशाळेत अणुघड्याळं. दोन वेगळ्या प्रकारची घड्याळं शेजारी ठेवायची, अल्फा सरकला तर दोघांवर वेगवेगळा परिणाम होईल आणि ती एकमेकांपासून हळूहळू हटतील. ती हटत नाहीत. २०२१ पर्यंत ही मर्यादा वर्षाला एकावर १८ शून्य एवढ्यातल्या दोन-चार भागांपर्यंत खाली आली होती.

थोरियमचं घड्याळ इथे येतं. नेहमीची अणुघड्याळं इलेक्ट्रॉनच्या उड्यांवर चालतात, हे चालेल थोरियम-२२९ च्या केंद्रकाच्या उडीवर. केंद्रकाच्या उड्या सहसा हजारो ते लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या असतात, लेझरच्या आवाक्याबाहेर, पण या एकाच केंद्रकाची एक उडी फक्त ८.४ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे आणि २०२४ मधे ती लेझरने घडवून दाखवली. ती एवढी लहान का? कारण केंद्रकातल्या विद्युत बलामुळे होणारा फरक आणि केंद्रकीय बलामुळे होणारा फरक दोन्ही प्रचंड आहेत पण एकमेकांविरुद्ध आहेत आणि जवळजवळ पूर्ण काटतात. तराजूच्या दोन पारड्यांत दोन भलेमोठे दगड ठेवलेत आणि काटा जेमतेम एका दाण्याने झुकलाय असं समजा. आता एका दगडाचं वजन लाखातल्या एका भागाने बदललं तर दगडाला काही कळणार नाही, पण काटा सपशेल दुसरीकडे जाईल. अल्फा फक्त विद्युत बलाच्या पारड्याला हात लावतो, म्हणून हे घड्याळ आजच्या घड्याळांपेक्षा हजारो पटीने जास्त संवेदनशील ठरेल असे हिशोब आहेत. अजून ते पूर्ण घड्याळ झालेलं नाही, लेझर सुधारायचेत, स्फटिकात बसवलेल्या थोरियमवर तापमानाचा किती परिणाम होतो ते नीट मोजायचंय, आणि मग त्याला एका साध्या अणुघड्याळाशेजारी ठेवून दोघं किती काळ एकत्र चालतात ते बघत बसायचंय.